भाऊजी हत्तींच्या वाटेनं गेले

माझ्या मोठ्या बहिणीला आम्ही सगळे बाई म्हणत असू. तिचं लग्न किन्हीराजा गावच्या ज्या माणसाशी झालं, त्याला जनावरं पाहण्याचं वेड होतं. शिकारीचं नव्हे, बंदूक त्यानं जन्मात हातात धरली नाही. नुसतं पाहण्याचं. रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप हरभऱ्यात शिरला की दुसरा शेतकरी गोफण घेऊन धावतो. हा बांधाआड पोटावर पडून राहायचा आणि कळप खाऊन निघून गेला की घरी येऊन बापाच्या शिव्या खायचा. गाव हसायचं. त्याचं त्याला काही वाटत नसे.

मी लहानपणी भाऊजींच्या मागं एक-दोनदा टेकडीवर गेलो होतो. वारा तोंडावर घ्यायचा, पांढरं अंगात घालायचं नाही, खोकला आला तर उपरण्याचा बोळा तोंडात कोंबायचा, हे त्यांनी मला शिकवलं. एकदा मी कंटाळून चुळबुळ करू लागलो तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "जनावर पाहाचं असन तं आपून इथं नाईच, असं समजून बसा लागते." हे वाक्य पुढं मला फार छळणार होतं, पण त्या वेळी मला फक्त भूक लागली होती.

शेतीत त्यांचं मन नव्हतं. रेल्वेच्या एका स्टेशनवर राहून ते तारेचं काम शिकले, आणि कुणीतरी आफ्रिकेत रेल्वेला माणसं हवीत म्हणून सांगितलं तसे आगबोटीत बसून गेले. तिथं जनावरं आहेत एवढंच त्यांनी ऐकलं होतं. पगार किती, हे त्यांनी विचारलंसुद्धा नसावं. बाई आमच्याकडे, वाशीमजवळच्या मळ्यात राहू लागली. वडिलांची भाजीची बागाईत होती. वांगी, मेथी, मिरची काढून सकाळी बाजारात न्यायची. बाईला ते काम आवडायचं. भाऊजी काही वर्षांनी रजेवर यायचे, ओसरीत बसून तिकडच्या गोष्टी सांगायचे, आणि बाई टोपल्यातली मेथी निवडत ऐकायची. मधेच विचारायची, "मले कवा नेता?"

शेवटच्या रजेत ते म्हणाले की आता मोठं घर मिळणार आहे, वर्षभरात नेतो. तोवर मला त्यांनी बरोबर घेतलं. मी इंग्रजी चार बुकं शिकून रिकामा होतो. त्यांच्या स्टेशनवर मालाच्या कारकुनाचं काम मला मिळालं.

बोटीत मी आजारीच होतो, त्यामुळे समुद्राबद्दल सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. पण बंदरावरून आत जाणाऱ्या गाडीत दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींनी मला हलवून उठवलं आणि खिडकीकडे बोट केलं. नजर पोचेल तिथवर वाळलं गवत, आणि त्यात पोळ्याला रंगवून सोडल्यासारखी पट्ट्यापट्ट्यांची घोडी. त्यांच्यामधून एक जिराफ चालला होता. गाडीच्या आवाजानं एकही जनावर पळालं नाही. भाऊजी माझ्याकडे पाहत होते, खिडकीबाहेर नाही. आपलं घर पाहुण्याला दाखवताना माणूस पाहतो तसे.

स्टेशन डोंगराच्या पायथ्याशी होतं. पत्र्याचं घर, मागं रान, आणि रानावर दुपारपर्यंत ढग बसलेले. सुटीच्या दिवशी भाऊजी मला घेऊन चालायला निघायचे. सुरुवातीला माझे पाय सुजले. मग सवय झाली आणि मग गोडी लागली. त्यांच्याजवळ एक जुनी दुर्बीण होती, चामड्याच्या पट्ट्यानं गळ्यात घातलेली. एका म्हाताऱ्याशी त्यांची दोस्ती होती. तो तिथल्याच लोकांपैकी, रानात झाडांवर पोकळ ओंडके टांगून त्यांत मध धरायचा. एका पायानं लंगडायचा, पण चढावर आम्हाला दम लागला तरी त्याला लागत नसे. त्याच्याशी भाऊजी तिकडच्या भाषेत बोलायचे आणि मला मराठीत सांगायचे.

त्या डोंगरात वर, बांबूच्या रानात, एक तांबूस मोठं हरीण राहतं, अंगावर पांढरे पट्टे, आणि ते सहसा कुणाला दिसत नाही, असं म्हाताऱ्यानं त्यांना सांगितलं होतं. भाऊजींनी ते मनात धरलं. थंडीत रजा मिळाली तेव्हा आम्ही तिघं निघालो. पाठीवर तांदूळ, डाळ, घोंगड्या आणि एक लहान तंबू.

पहिला दिवस उंच झाडांच्या रानात गेला. वर काळी माकडं होती, पाठीवर पांढऱ्या केसांची लांब झूल. एका झाडावरून दुसऱ्यावर उडी घेताना ती झूल मागं पसरायची, आणि एखादी विधवा बाई पदर उडवत पळते आहे असा भास व्हायचा. असं काही मनात यायला नको होतं. दुसऱ्या दिवशी झाडं संपली आणि बांबू सुरू झाला. तिथं वाट म्हणून जी होती ती हत्तींनी केलेली. दोन्ही बाजूंना बांबूच्या भिंती, मधे ओली माती आणि त्यात परातीएवढी पावलं.

दुपारी म्हाताऱ्यानं आम्हाला एका मोकळ्या जागेच्या कडेला बसवलं. तिथली माती खारी होती. जनावरं ती चाटायला येत. मधोमध एका मेलेल्या हत्तीची हाडं पडली होती, पावसानं धुऊन पांढरी झालेली. आम्ही बराच वेळ बसलो. मग समोरच्या बांबूतून हत्ती आले. एवढे मोठे जीव, पण पाऊल वाजत नव्हतं. पुढची हत्तीण हाडांपाशी थांबली. तिनं सोंडेचं टोक त्या कवटीवरून फिरवलं, जबड्याच्या आतून, दातांवरून, एखादा आंधळा माणूस चेहरा चाचपतो तसं. ती सरकली, मागची आली. सगळ्यांनी आळीपाळीनं हात लावल्यासारखं केलं. पिल्लांनीसुद्धा. कुणी ओरडलं नाही. माती न चाटताच कळप निघून गेला.

भाऊजींच्या डोळ्यांत पाणी होतं. ते म्हणाले, "तुह्या बाईले दाखवाचं हाय हे."

म्हातारा मात्र अस्वस्थ झाला. तो काहीतरी पुटपुटला. भाऊजींनी मला त्याचा अर्थ सांगितला: माती न खाता हत्ती गेले, म्हणजे आपण इथं आहोत हे त्यांना ठाऊक होतं, उद्या खाली उतरावं.

सकाळी तंबूतून बाहेर आलो तर धुकं. आपल्याकडे ज्वारीची कणसं निसवतात तेव्हा पहाटे पडतं ते नव्हे. हात लांब केला तर बोटं दिसू नयेत असं. म्हातारा सामान बांधू लागला. आम्ही उतरायला लागलो, आणि थोड्याच अंतरावर भाऊजी थबकले. वाटेतल्या चिखलात खुरांचे ठसे होते, ताजे. म्हाताऱ्यानं वाकून पाहिलं आणि मान हलवली. तेच हरीण होतं. ते एका फाट्यानं वळलं होतं, हत्तींच्याच दुसऱ्या वाटेनं.

आमच्यात एक खूण ठरलेली होती. बोलायचं नाही, काठीनं बांबूवर दोनदा ठोकायचं, म्हणजे मी इथं आहे. भाऊजींनी काठी उचलून दाखवली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "तू थांब इथंच. मी त्या वळनालोक जाऊन येतो."

वळण दिसत होतं. धुकं तेवढं विरळ झालं होतं. ते चालत गेले. पाऊल टाकताना टाच आधी, मग बोटं, त्यांची नेहमीची चाल. वळणापाशी त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली, एका बाजूला किंचित मान कलती केली, आणि पुढं गेले. नंतर त्यांना कोणी पाहिलं नाही.

थोड्या वेळानं समोरून दोनदा ठक-ठक झालं. मी उत्तर दिलं. पुन्हा आवाज आला, पण या वेळी डावीकडून. वाटलं, वाट वळून आली असेल. मी उत्तर दिलं. मग आवाज पाठीमागून आला, आम्ही जिथून उतरलो होतो तिथून. म्हाताऱ्यानं माझ्या हातातली काठी काढून घेतली. मला त्याची भाषा येत नव्हती, पण ठोकू नकोस, एवढं कळलं. वारा अजिबात नव्हता. बांबूचं पानसुद्धा हलत नव्हतं. आवाज एकदा अगदी जवळून आला, हाताच्या अंतरावरून, आणि तिथं बांबूखेरीज काही नव्हतं. मग तो थांबला.

आम्ही दोघं त्या वाटेनं गेलो. वळणापुढं ती मोकळी होत होती. हत्तीच्या पावलांत पाणी साचलं होतं आणि काठानं लहान पिवळी फुलं होती. खुरांचे ठसे पुढं गेलेले, भाऊजींच्या बुटांचे ठसे त्यांच्यामागं, आणि मग त्या सगळ्यांवरून हत्तींची पावलं. तिथून पुढं काही वाचता येत नव्हतं. मी त्यांना हाका मारल्या. गळा फुटेपर्यंत मारल्या.

रेल्वेची माणसं आली, रानखात्याचा साहेब माग काढणारे घेऊन आला. कित्येक दिवस शोध चालला. रक्त नाही, कपड्याची चिंधी नाही. फक्त दुर्बीण सापडली. एका बांबूच्या फांदीला पट्ट्यानं टांगलेली होती, माणसाच्या गळ्याच्या उंचीवर, जणू अंघोळीला जाताना कुणी उपरणं खुंटीला लावावं. साहेबानं तर्क केले: हत्तीनं उचललं असेल, दरीत पडले असतील. पण यात दुर्बीण कुठंच बसत नव्हती. म्हातारा त्या रानात पुन्हा मध काढायला गेला नाही, असं पुढं कळलं. मी काही महिने तिथं काढले. स्टेशनामागं सकाळी ढग उतरले की कामातून उठून मी पत्र्याच्या घरात जाऊन दार लावायचो. शेवटी परत निघालो.

तारेनं बातमी आधी पोचली होती, पण तारेत "बेपत्ता" एवढंच होतं, आणि त्या शब्दाचा अर्थ घरात ज्यानं त्यानं आपापला लावला होता. मी मळ्यात शिरलो तेव्हा बाई वांगी तोडत होती. तिनं आधी माझ्या मागं पाहिलं. मग टोपलं खाली ठेवलं. मी बांधावर बसून सगळं सांगितलं. ती रडली नाही. तिनं एकच विचारलं, "जाताना तो काय पाहून राह्यला होता?"

हरीण, मी म्हणालो. पट्ट्यांचं.

तिनं मान हलवली, आणि राहिलेली वांगी तोडली.

गावात लोक म्हणाले चकवा लागला. चकवा लागलेला माणूस त्याच रानात गोल गोल फिरतो आणि त्याला वाटतं आपण घराकडे चाललो आहोत. बाईचे सासरे येऊन माझ्या वडिलांशी बोलत बसले. पोरगी सवाशीण धरायची की रांड, हे त्यांना ठरवता येत नव्हतं, आणि हळदीकुंकवाला बोलावावं की नाही हे शेजारणींना. आमच्यात बाईमाणसाचा पाट लागतो, दुसरा घरोबा करता येतो. वर्षा-दोन वर्षांनी जऊळक्याकडचा एक बायको मेलेला बागाईतदार विचारायलाही आला. माणूस वाईट नव्हता. बाईनं त्याला पाणी दिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "माह्या नवऱ्याचं मरन कोनं पाह्यलं?" तो पाणी पिऊन उठला.

ती कुंकू लावत राहिली. आणि दुपारी जेवणं झाली, वडील झोपले, की मला म्हणायची, सांग. मी सांगायचो. माकडं, खारी माती, हत्ती, धुकं. ती मधे मधे विचारायची, मान कोणत्या बाजूला कलती केली, बूट चिखलात रुतत होते का. वर्षं गेली तसं तिला ते रान माझ्याहून चांगलं माहीत झालं. मी चुकलो तर ती दुरुस्त करायची. एका दुपारी तीच सांगू लागली, आणि वळणापुढं गेली. म्हणाली, तिथं वाट मोकळी होते, पावलांत पाणी साचलेलं असतं, अन काठानं पिवळी फुलं.

फुलांचं मी तिला सांगितलेलं नव्हतं. एवढ्या घोरात फुलांचं काय सांगायचं? मी विचारलं, तुला कसं कळलं. ती म्हणाली, "तूच सांगतलं." असेल. पण तेव्हाही मला खात्री नव्हती, आणि आजही नाही.

मला स्वतःला त्या दिवसांत ज्वारीच्या उभ्या पिकातून चालता येत नसे. डोक्यावर गेलेली ताटं, दोन्ही बाजूंना भिंती, मधे चिंचोळी वाट. एखादं ताट दुसऱ्यावर आपटलं की मी जागच्या जागी उभा राहायचो, पुढच्या आवाजाची वाट पाहत. मजूर मागून येऊन विचारायचे, काय झालं मालक? काय सांगणार?

असंच एकदा किन्हीराजाच्या एका माणसानं निरोप आणला. पोहरादेवीच्या जत्रेत त्यानं भाऊजींना पाहिलं होतं, दाढी वाढलेली, झाडाखाली बसलेले. पुढच्या रामनवमीला मी आणि बाई बैलगाडीनं गेलो. तांड्यातांड्यांतून आलेले बंजारे, आरशांचे घागरे, ढोल, धूळ, जिकडे तिकडे माणसं. आम्ही चेहरे पाहत फिरलो. दुपार कलली तेव्हा देवळामागच्या लिंबाखाली एक माणूस पाठमोरा बसलेला दिसला. वर फांदीवर वानरं होती आणि तो मान किंचित कलती करून त्यांच्याकडे पाहत होता. अजिबात न हलता. एवढ्या कल्लोळात वानरंही त्याच्या डोक्यावरच्या फांदीत निवांत बसली होती.

बाई थांबली. माझा हात तिनं धरला. मी म्हणालो, चल. ती हलली नाही. मग मीच पुढं गेलो, वळसा घालून त्याच्या समोर आलो. दुसराच कुणी होता, बराच म्हातारा, एक डोळा गेलेला. त्यानं माझ्याकडे पाहून हात जोडले.

परत आलो तेव्हा बाई तिथंच उभी होती. ती म्हणाली, "नाई ना? मले माहीतच होतं. पन पाठीमागून तो तोच होता. म्हनून मी पुढं गेली नाई."

बारा वर्षं झाली की बेपत्ता माणसाचं क्रियाकर्म करता येतं. ते दिवस मोठ्या लढाईचे होते. बोटी बुडवल्या जात होत्या, तिकडची खबर येणं बंदच होतं. सासऱ्यांनी विषय काढला तेव्हा बाईनं नाही म्हटलं. पण तिची सासू अंथरुणाला खिळली होती. तिनं बाईला बोलावून घेतलं आणि म्हणाली, "माहं लेकरू तहानलेलं फिरून राह्यलं असन व. त्याले पानी दे." मरण कबूल कर, असं ती म्हणाली नाही. नुसतं पाणी मागितलं. बाई तिच्या उशाशी बराच वेळ बसली आणि हो म्हणून उठली.

किन्हीराजाच्या नदीकाठी ते झालं. देह नव्हता, म्हणून भटजींनी पळसाच्या पानांचे देठ मागवले होते. ते दोऱ्यानं बांधत बांधत त्यांनी हात केले, पाय केले, छाती केली. डोक्याच्या जागी नारळ ठेवला. ओल्या पिठानं सांधे लिंपले. बघता बघता तिथं माणसाच्या लांबीचं काहीतरी आडवं पडलं. बाई जवळ येऊन पाहू लागली. मग वाकून तिनं तो नारळ एका बाजूला किंचित कलता केला. भटजींनी तो सरळ करायला हात पुढं केला आणि मागं घेतला.

बाईच्या दिरानं अग्नी दिला. देठ ओले होते, धूर फार झाला. पाणी सोडायची वेळ आली तेव्हा सगळे दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले. बाईनं मला विचारलं, "तो मुलूक कोनीकडे हाय?"

मी नदीपलीकडे, सूर्य उतरत होता तिकडे हात केला. ती तिकडे वळली. एकटीच. तिनं ओंजळ भरली आणि त्या दिशेला सोडली. जावा कुजबुजल्या.

कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, ते बायकांनी केलं. नंतर बाई ओल्या कपाळानं भटजींसमोर येऊन बसली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "महाराज, आता तो घरी आला तं मी त्याची कोन?"

भटजी म्हातारे होते. त्यांनी तिला उडवून लावलं नाही. शास्त्रात तेही सांगितलं आहे, ते म्हणाले. क्रिया झालेला माणूस परत आला तर त्याला तुपानं न्हाऊ घालायचं. तो नव्यानं जन्मला असं धरायचं. बारसं करायचं, पुन्हा नाव ठेवायचं. आणि मग त्याच बायकोशी त्याचं पुन्हा लग्न लावायचं.

बाई त्यांच्याकडे पाहत राहिली. मग हसली. इतक्या वर्षांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. धाकटी जाऊ घाबरून दूर सरकली. बाई म्हणाली, "म्हंजे हळद पुन्हा लागन."

आम्ही संध्याकाळी निघालो. गाडीत मागं कडब्याच्या पेंढ्या होत्या, त्यांना टेकून ती बसली आणि गाव सुटायच्या आतच तिला झोप लागली. खाचखळग्यांत गाडी आदळत होती, तिची मान हलत होती, पण ती जागी झाली नाही. मळ्याच्या बांधाशी आलो तेव्हा मी बैल सोडले, त्यांना वैरण टाकली, आणि तिला न उठवता जोखडावर बसून राहिलो.